मोरीत हात कुणी घालायचा?

आषाढातला रविवार. आई कर्जतहून खोपोली लोकलने आली. पिशवीत टाकळ्याच्या दोन जुड्या आणि डोक्यावर पदर, कारण छत्री गाडीतच राहिली होती. पाय धुवायला न्हाणीघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, इथे तळं झालंय की!"

झालंच होतं. आठवडाभर आम्ही नवराबायको घोटाभर पाण्यात उभं राहून अंघोळ उरकत होतो. पाणी उतरायला आधी दहा मिनिटं लागायची, मग अर्धा तास, आता ते उतरायचं नावच घेत नव्हतं. बाहेर पाऊस असा, की समोरचा घाट तीन दिवस दिसलेला नव्हता.

आमचं घर खालापूरच्या अलीकडे, एके काळच्या भातखाचरांत पाडलेल्या प्लॉटवर. आमचे हे खोपोलीतल्या एका कागद कारखान्यात ३१ वर्षं होते, आता निवृत्त. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. कर्जतला दहिवलीत राहते, वय ७८. सासू-जावयाचं उत्तम जमतं, म्हणजे दर भेटीत एकमेकांना एकदा तरी चूक ठरवल्याशिवाय दोघांना जेवण पचत नाही. त्या दिवशी विषय मोरीचा निघाला. मी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ऐकत होते, मधून मधून उठून बघत होते. या भांडणात आपण बायको की लेक, हे ठरत नसल्यामुळे बोलत मात्र नव्हते.

जावई: आई, तुम्ही बाहेर या बघू. मी पावडर टाकतो, अर्ध्या तासात मोकळं होईल.

आई: कसली पावडर?

जावई: कॉस्टिक सोडा. हार्डवेअरवाल्याकडे पुडी मिळते. कॉस्टिकमध्ये शिजवलं की लाकडाचासुद्धा लगदा होतो, आई. मी आयुष्यभर तेच पाहिलं. केसांचं काय घेऊन बसलात!

आई: होत असेल लगदा. पण आत काय अडकलंय ते पाहिलंत का?

जावई: पाहायचंय काय त्यात? केस आणि साबणाची मळी. न्हाणीघरात दुसरं काय अडकणार?

आई: वर्गात पोर रडायला लागलं की मी आधी विचारायचे, काय झालं. औषध नंतर.

जावई: इथे विचारायचं म्हणजे आत हात घालायचा.

आई: घालायचा. आपलेच केस आहेत ना? डोक्यावर असेपर्यंत तेल लावायचं, गजरा माळायचा, आणि जाळीत गेले की शिसारी?

जावई: शिसारीचा प्रश्न नाही. माणसाला हात घालावा लागू नये म्हणून तर रसायन निघालं. कारखान्यात टाकीत उतरून गाळ खरवडणारी माणसं मी पाहिली आहेत. रसायनाने टाक्या धुवायला लागलो तेव्हा ते उतरणं सुटलं. तुम्हाला हाताने करण्याचं कौतुक आहे, आई. मला नाही.

हे मला पटलं होतं. हाताने काम करण्याची थोरवी बहुतेक वेळा ज्यांना ते रोज करावं लागत नाही तेच गातात. आईही क्षणभर गप्प झाली. पण मास्तरीण ती, प्रश्न विचारायची थोडीच थांबणार!

आई: आणि पावडर टाकून मोरी नाही मोकळी झाली तर?

जावई: दुसरी पुडी.

आई: तरी नाही झाली तर?

जावई: प्लंबर.

आई: हं. प्लंबर. त्या पोराचा हात बरा झाला का हो?

इथे माझी भाकरी तव्यावर करपली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच मोरी तुंबली होती. ह्यांनी सकाळी पुडी टाकली, पाणी उतरलं नाही, म्हणून जवळच्याच एका प्लंबरच्या हाताखालच्या मुलाला बोलावलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. आत काय टाकलंय हे त्याला सांगायचं राहून गेलं. मी म्हणते ह्यांनी सांगायला हवं होतं, हे म्हणतात दार मी उघडलं होतं. त्याने जाळी काढली आणि मनगटापर्यंत हात घातला. कॉस्टिक ॲसिडसारखं झटकन झोंबत नाही. आधी बोटं नुसती बुळबुळीत लागतात, कारण कातडीतल्याच स्निग्धाचा साबण होत असतो. कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हे त्याला नळाखाली धरून वीस मिनिटं हातावर पाणी सोडत बसले होते. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, महिन्याची मजुरी दिली. तो मुलगा त्यानंतर आमचा फोन उचलत नाही.

जावई: ती माझी चूक, आई. मी कधी नाही म्हटलंय?

आई: चूक दाखवायला नाही काढलं. एक सांगा, तुमच्या कारखान्यात कॉस्टिकची पाइप उघडायची झाली तर काय करत होतात?

जावई: परमिट काढायचं. इन्चार्जची सही. व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप आणि टॅग, कोणी चुकून उघडू नये म्हणून. लाइन पाण्याने धुवायची. मग चष्मा, एप्रन, कोपरापर्यंत मोजे. नट सैल करायचा तोही आपल्या समोरचा नाही, पलीकडच्या बाजूचा आधी. उडालं तर तिकडे उडावं.

आई: आणि घरी?

जावई: घरी टॅग कोण लावतं?

दोघंही हसले नाहीत. मग ह्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि बसले. आता ते जे बोलले ते सासूशी कमी आणि स्वतःशी जास्त होतं, पण ३१ वर्षं कॉस्टिक हाताळलेल्या माणसाचं म्हणून ऐकण्यासारखं होतं.

जावई: खरं सांगू का, पुडी तुंबलेल्या मोरीसाठी नसतेच. पाणी हळू जात असेल तेव्हा तिचा उपयोग. तेलाच्या थराचा साबण करते, केसातलं प्रथिन मोडते, आणि मग पाण्याबरोबर पुढे जाते. पण पाणी साचलेलंच असेल तर ती वरच्या वर पातळ होते. बोळ्यापर्यंत पोचते ती अर्धवट, वरचा थर खाते, उरलेला खाली सरकतो आणि वाकणात बसतो. शिवाय गरम होते. प्लॅस्टिकच्या पाइपला ६० अंशांच्या वर पाणी सोडू नये म्हणतात, आणि आपण तिच्यात पुडीही टाकतो आणि वरून उकळतं पाणीही.

आई: शेजारची म्हणत होती, खायचा सोडा आणि व्हिनेगर घाला. मोबाइलवर बघितलं म्हणे तिने.

जावई: फेस बघायला छान. एक आम्ल, एक अल्क. दोघं भेटले की एकमेकांना मारून मोकळे, मागे उरतं खारट पाणी. त्यापेक्षा नुसतं कोमट पाणी ओता. एक मात्र कोणीच करू नये. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच मोरीत. क्लोरीन सुटतो, आणि न्हाणीघराला खिडकी केवढी? हातभर.

आई: मग आता?

जावई: मग आता मोजे आणतो.

आई: मला नको मोजे, त्यात काही कळत नाही.

जावई: मोज्यांशिवाय मी जाळी उघडू देणार नाही. जाळीखाली गंजका स्क्रू असतो, ब्लेडचा तुकडा असतो, आणि तुम्हाला साखर आहे. हात घालायचाय ना, मग हाताची काळजी घ्या.

इथे मी बायको झाले. मोजे मीच आणून दिले.

मोजे घालून आई पाटावर बसली. वरची जाळी पक्कडीने उचलली, खालची वाटी फिरवून काढली. पाण्यात हात गेला, खांदा थोडा खाली गेला, चेहरा हळदीकुंकवाला बसल्यासारखा शांत. आणि मग "सुक्" असा आवाज होऊन बोळा वर आला. एखाद्या घुशीच्या पिल्लाएवढा, काळा-राखी, गिळगिळीत, सडक्या नारळासारख्या वासाचा. तिने तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि चमच्याच्या दांडीने उकलायला सुरुवात केली. शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. मागच्या महिन्यात पुण्याहून आलेल्या माझ्या लेकीची केसातली पिन, गंजून चहाच्या रंगाची झालेली. मातीसारखा रवाळ थर, तो मेंदीचा चोथा. आणि केस. लांब, बुडाशी पांढरे, पुढे विटकरी लाल. घरात असे केस एकाच बाईचे. आई आणि हे, दोघंही माझ्याकडे बघायचं टाळत होते.

आई: बघा, पुडीने पिन विरघळली असती का?

जावई: नाही. पण मेंदी डोक्यावर न लावता भिंतीला लावली असती तर...

मी आतून आवाज दिला, भाकरी झाली आहे, कोणाला हवी असेल तर.

आई: तिला कशाला बोलता? दिवाळीला तुम्ही काय करता? पाठीवर वाटीभर तेल, वर उटणं, ते सगळं खरवडून खाली. उटणं म्हणजे काय, भुकटीच. तेलात कालवलेली भुकटी पाइपमध्ये बसली की गिलावाच तो.

जावई: आणि ते तेल खोबरेल. २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात बाटली आपण उन्हात ठेवतो. पाइप उन्हात कशी ठेवणार? त्यात आपलं बोअरचं पाणी जड. साबणाचा फेस होत नाही, दह्यासारखा फाटतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना, चुन्या-मॅग्नेशियमचा साबण तो, पाण्यात विरघळतच नाही. केसांचं जाळं आणि हा गारा, झाली भिंत.

आई: आमच्या आळीत एकाने गणपती घरीच बादलीत विसर्जन केला. पेणची शाडूची मूर्ती, छान विरघळली. मग ती बादली ओतली कुठे? मोरीत! शाडू खाली बसली, घट्ट. अहो, तुळशीत घालायची माती ती.

एवढं होईपर्यंत पाणी गुळगुळ करत उतरायला लागलं होतं. आई जिंकली होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जिंकल्यावर ती वाटी परत बसवायला विसरली.

जावई: आई, वाटी!

आई: राहू द्या की. तीच तर अडवते. आमच्याकडे प्लंबरने काढूनच टाकली, पाणी कसं धो-धो जातं.

जावई: आणि झुरळं?

आई: येतात हो. रात्रीची.

जावई: वाटीमुळेच तर तिथे पाणी साचून राहतं. दोन बोटं पाणी, बस. खालचा वास, झुरळ, चिलट, काही वर येत नाही. देशभरचे प्लंबर ह्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तुमची न्हाणीच ती. ही साचलेल्या पाण्याची युक्ती पेटंट केली ती लंडनच्या एका घड्याळजीने, अलेक्झांडर कमिंगने, १७७५ साली. पाइपला इंग्रजी एस अक्षरासारखं वाकण दिलं, बस. त्या वाकणातल्या पाण्यानेच संडास घरात आणता आला. नाहीतर कोण आणू देतं?

आई: एवढ्याशा पाण्याने काय होतंय!

जावई: २००३ साली हाँगकाँगला सार्सची साथ होती. अमॉय गार्डन्स म्हणून उंच इमारतींची वसाहत. तिथे तीनशेच्या वर माणसं आजारी पडली. चौकशीत निघालं की न्हाणीघरांतले हे ट्रॅप सुकलेले होते. लोक फरशी धूत नव्हते, नुसती पुसत होते. पाणी नाही म्हणजे पडदा नाही. खालच्या पाइपमधली हवा पंख्याने ओढून घरात. आपल्या इकडे बघा, नेरळपासून खोपोलीपर्यंत मुंबईकरांचे बंगले. महिना-महिना कुलूप. उन्हाळ्यात येतात आणि म्हणतात घरात उंदीर मेलाय. उंदीर नाही, मोरी सुकलीय. जाताना तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल, म्हणजे उडत नाही.

आईने वाटी बसवली. हरली असं म्हणाली नाही, पण "तेल कुठलं, खोबरेल नको ना?" असं विचारलं, म्हणजे ऐकलं होतं. दहिवलीला जाऊन तिने नवी वाटी बसवून घेतली, हे मला नंतर कळलं.

आई: आमच्या लहानपणी ही भानगडच नव्हती. दगडी मोरी, भिंतीला भोक. पाणी जायचं ते मागच्या अळवात आणि केळीत. शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ. केळ मात्र मनगटाएवढी पोसायची.

जावई: आणि डास माशीएवढे. ते का नाही सांगत? परसात डबकं, हिवतापाने माणसं फणफणलेली. उगाच जुनं ते सोनं करू नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद झाली तेव्हा डास हटले. राज्यभर गाजला तो नांदेड पॅटर्न.

आई: बरं, तुमच्या पुडीचं पाणी तरी कुठे जातं? आमच्या कर्जतचं जातं उल्हासात. उल्हास जाते बदलापूरला. तिथे बंधारा घालून तेच पाणी नळाला सोडतात. तुमचे चुलते बदलापुरात राहतात ना? त्यांचा चहा होतो त्याचा.

जावई: पन्नास ग्रॅम कॉस्टिक नदीपर्यंत पोचतच नाही, आई. वाटेत त्याचं मीठ-सोडा होऊन संपतं. संडासाच्या टाकीतले जंतूही एका पुडीने मरत नाहीत, दर आठवड्याला टाकली तर गोष्ट वेगळी. नदी नासते ती गावच्या न गाळलेल्या सांडपाण्याने. इथे तुमचा मुद्दा लंगडा.

खरंच लंगडा होता. पण आईला उत्तर द्यावं लागलं नाही. हे संडासात गेले, फ्लश ओढला, आणि आम्ही तिघांनी ते पाहिलं. न्हाणीघराच्या त्याच जाळीतून, आईने आत्ताच मोकळ्या केलेल्या, पाणी वर आलं. स्वच्छ नव्हतं.

आईने दोन्ही हात मागे घेतले. मोजे काढून बाहेर ठेवले, कोपरापर्यंत साबण लावला, दोनदा. जो हात केसांत बिनदिक्कत गेला होता, तो इथे मागे आला.

आई: आता ह्यात हात नाही.

जावई: नाहीच. आता पुडीही नाही. हे मी आधीच बघायला हवं होतं. एकच मोरी तुंबली असेल तर दुखणं मोरीत. फ्लश ओढल्यावर दुसरीकडे पाणी वर येत असेल, बेसिन गुरगुरत असेल, तर दुखणं पुढे. आपलं सगळं एकाच चेंबरला जातं, तिथून टाकीत, टाकीतून शोषखड्ड्यात.

भर पावसात हे बाहेर गेले, पहारीने चेंबरचं झाकण उचललं. काठोकाठ. बांबूची कामटी घालून पाहिली, टाकीच्या तोंडापर्यंत सरळ गेली. म्हणजे पाइप मोकळी होती. पाण्याला जायलाच जागा नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या बंगल्यावरून सल्ला आला. छत्रीखालून, मोठ्या आवाजात. एक माणूस आहे, वाडीवरचा, पंधराशे घेतो, झाकण काढून उतरतो आणि साफ करून देतो. फोन लावू का?

सकाळपासून पहिल्यांदा सासू-जावई एका सुरात बोलले. "नको!"

जावई: उतरतो म्हणे! टाकीतल्या वायूचा एक श्वास पुरतो. २०१३चा कायदा आहे, टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. आकडा वाढला, म्हणजे मरणं थांबलेलं नाही.

आई: आणि तो वाडीवरचाच असतो. बंगल्यातला नसतो.

जावई: म्हणून म्हणतो आई, हाताचं कौतुक नको. यंत्र येऊ दे, गाडी येऊ दे.

आई: मी कुठे टाकीत हात घाला म्हणते? आपलं आपण करावं एवढंच. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते ना, कणकवलीच्या गोपुरीचे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मलाच द्या म्हणून उपास धरला. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देत नव्हते. गांधीजींनीही येरवड्यातून त्यांना साथ दिली.

जावई: थोर माणूस. पण त्यांना ते मागून घ्यावं लागलं, आई. बाकीच्यांना न मागता मिळत होतं.

आईने ह्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. शाळेत एखाद्या पोराने पुस्तकाबाहेरचं उत्तर दिलं की ती असंच बघायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

आई: मग गाडी बोलवा. उपसून नेतील.

जावई: आत्ता बोलावून उपयोग नाही. खड्डा घाणीने नाही, पावसाने भरलाय. ह्या जमिनीत पाणी फूटभरावर आहे. आज टाकी उपसली तर उद्या बाजूचं पाणी झिरपून पुन्हा भरेल. आणि भरल्या पावसात रिकामी टाकी, त्यात ती प्लॅस्टिकची असली तर, होडीसारखी वर उचलली जाते. गाडी दसऱ्यानंतर. तोवर पाणी कमी वापरायचं.

आई: भातखाचरात घर बांधलंत. जुलैत इथे गुडघाभर पाणी असायलाच हवं. तुम्ही आलात म्हणून ते कुठे जाईल?

जावई: दरवर्षी नाही झालं असं. ह्याच वर्षी होतंय.

आई ओट्यावर उभी होती. तिचं लक्ष ह्यांच्याकडे नव्हतं. नव्या पत्र्याच्या पन्हाळीतून चार इंची पाइप भिंतीवरून खाली येत होती आणि कोपऱ्यात फरशीखाली गडप होत होती. आत पाणी गर्जत होतं.

आई: ही पाइप कुठे जाते हो?

जावई: कुठली?

आई: ही. पत्र्याचं पाणी.

जावई: ती... मागच्या मे महिन्यात पत्रा टाकला ना, तेव्हा अंगणात चिखल नको म्हणून...

आई: म्हणून?

जावई: चेंबरला जोडली.

मी भाकऱ्यांचं टोपलं तिथेच ठेवून बाहेर आले. एवढ्या वर्षांत ह्यांना इतकं निरुत्तर मी पाहिलं नव्हतं. मग कारखान्यातला माणूस जागा झाला आणि त्यांनी स्वतःविरुद्ध हिशेब मांडला. पत्रा हजार चौरस फुटांचा, म्हणजे ९३ चौरस मीटर. काल दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरलं, आणि आमच्याकडे आषाढात ते काही विशेष नाही, वर्षाचा पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या वर, तर एका दिवसात नऊ हजार तीनशे लिटर. दोन माणसांच्या अंघोळीचं, कपड्यांचं, संडासाचं पाणी धरून दिवसाला चारशे लिटर होत नाही. शोषखड्ड्याच्या गळ्यात आम्ही पाण्याचा टँकर रिकामा करत होतो, रोज.

आई: म्हणजे माझ्या लेकीचे केस उगाच बदनाम.

जावई: केस होतेच की!

आई: होते. पण पुडी टाकून तुम्ही पत्रा विरघळवणार होतात का?

ह्यांनी हॅकसॉ आणला. पावसात, डोक्यावर खताची गोणी घेऊन, फरशीच्या वर वीतभर अंतरावर पाइप कापायला घेतली. अर्धी कापली तोच पाणी फुटलं आणि छातीवर आलं. आईने वरून छत्री धरली, म्हणजे माझी छत्री, आणि ती ह्यांच्यावर न धरता कापणाऱ्या हातावर धरली, ब्लेड घसरू नये म्हणून. पाइप सुटली तसं पत्र्याचं पाणी अंगणातून सरळ बांधावर आणि बांधावरून खालच्या शेतात गेलं. तिथे आवणी झालेली होती, शेतकऱ्याला त्याचं काहीच नव्हतं. चेंबरच्या आतलं भोक ह्यांनी सिमेंट कालवून बुजवलं. हात घालूनच. मोजे घालून.

संध्याकाळी पाऊस जरा उघडला. चेंबरमधली पातळी चार बोटं खाली गेली होती. फ्लश ओढला, आम्ही तिघं जाळीकडे बघत उभे, कोणी दिव्याची वात स्थिर होते का बघावं तसे. पाणी वर आलं नाही.

वर्तमानपत्रातला बोळा आईने केळीच्या बुंध्याशी पुरायला लावला, पिन आणि शाम्पूचा कोपरा काढून. केस कुजायला वेळ लागतो पण केळीला मानवतात, असं तिचं म्हणणं. मग चहा झाला आणि ती निघायची वेळ झाली.

आई: ती पुडी आहे ना अजून?

जावई: आहे. माळ्यावर.

आई: काय करणार तिचं?

जावई: टाकून देतो.

आई: कुठे?

जावई: घंटागाडीत...

आई: घंटागाडीत कचरा हाताने निवडतात.

जावई: मग भरपूर पाण्यात विरघळवून मोरीतून सोडतो.

आई: आज? आज मोरीला भरपूर पाणी चालतंय?

जावई: नाही. दसऱ्यानंतर.

आईने पिशवी उचलली, ह्यांनी स्कूटर काढली, आणि खोपोली स्टेशनपर्यंत दोघं रेनकोटात एकमेकांशी काय बोलत गेले ते मला ऐकू आलं नाही.

पुडी अजून माळ्यावर आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, घट्ट झाकण लावून. बरणीवर ह्यांनी पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि लाल मार्करने लिहिलंय: कॉस्टिक, हात लावू नये, मोरीत टाकली असेल तर येणाऱ्याला आधी सांगावे. आणि खाली, जुनी सवय, सही आणि तारीख.